सात गोधड्या

सुरतेत लिंबायतच्या त्या खोलीत आम्ही दोघंच राहत होतो, मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. दहा बाय दहाची खोली, एक लोखंडी खाट, एक स्टोव्ह, पाण्याची दोन पिंपं आणि भिंतीत ठोकलेली फळी, एवढाच संसार. तरी ती खोली मला कायम रिकामीच वाटायची. माय गावी होती, अमळनेरजवळच्या आमच्या खेड्यात. आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं तिलाच करावं लागे, आणि लग्नाची झालेली शोभाताई तिच्या हाताखाली. आबांचं पोट खानावळीच्या जेवणानं पार बिघडलं, तेव्हा घरात ठरलं की धाकटीला सुरतेला धाडा, भाकरी तरी थापील. धाकटी म्हणजे मी. बारा संपून तेरावं लागलेलं. मला कोणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही, कारण सुरत बघायची हौस होती. ती हौस दोन दिवसांत फिटली.

आबा लूमवर कारीगर होते. आमच्याकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. बारा तास खात्यात उभं राहायचं, या मागापासून त्या मागापर्यंत फिरायचं, तुटलेला धागा बघायचा, गाठ मारायची, की पुढचा माग. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. शंभर माग एकदम चालू असतात तिथे शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून कारीगर हातवाऱ्यांनी नाहीतर ओठ बघून बोलतात. आबांनी ते वीस वर्षं केलं आणि कान तिथेच ठेवून आले. घरी कोणी मोठ्यानं ओरडून बोललं तर कळायचं, पण माझा आवाज मुळातच चिमणीसारखा बारीक. मी समोर उभी राहिले, तोंड त्यांच्याकडे असलं, तरच त्यांना माझं ऐकू यायचं. म्हणजे दिसायचं. पाठ फिरवून मी कितीही बडबड केली तरी ती त्या खोलीच्या भिंतींनाच.

आता खाटेची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथूनच बिघडलं, आणि ते मी बिघडवलं. मी आले तेव्हा आबा खाली बसूनच जेवायचे. पण बसताना खाटेचा पाय धरायचे, हळूहळू खाली यायचे आणि शेवटच्या वीतभर अंतरावर धपकन पडायचे. उठताना तर बघवायचं नाही. पोटऱ्या सुजलेल्या, त्यांवर निळ्या शिरांचं जाळं, गुडघे वळायलाच तयार नाहीत. मला फार वाईट वाटायचं. एके दिवशी मी म्हटलं, आबा, तुम्ही वरच बसा, मी ताट देते. ते बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग मी पायाला गरम पाण्याची बादली खाटेपाशी आणू लागले, चपला पायात सरकवू लागले, खाली पडलेली वस्तू त्यांनी वाकायच्या आत उचलून देऊ लागले, सकाळी हात धरून उठवू लागले. चाळीतल्या बायका नळावर म्हणायच्या, "पोर बापनी कितली सेवा करस!" मला कोण अभिमान! सेवेचं पुण्य गाठीशी बांधतेय असंच वाटायचं. सात-आठ महिन्यांत मी कसंबसं का होईना उठता-बसता येणाऱ्या माणसाचे पाय खाटेला बांधून टाकले, हे समजायची अक्कल तेव्हा नव्हती.

आणि मी स्वतः काय मिळवलं? एकटेपण. आबा वर, पाय खाली सोडून, मान ताटात घालून जेवायचे. मी खाली, खाटेच्या पायाशी. मला त्यांच्या पोटऱ्या दिसायच्या आणि त्यांना माझ्या डोक्याचा भांग. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल, जेवण अगदी गावच्यासारखं. पण गावी जेवताना आम्ही आठ तोंडं गोलात बसायचो, एकमेकांच्या ताटात हात जायचा, कोणी ठसकलं की दुसरा पाठीवर थापटायचा. इथे मी शाळेतलं काही सांगायला लागले की वरून नुसता भाकरी मोडल्याचा आवाज यायचा. एकदा मी गंमत म्हणून म्हटलं, "आबा, आज शाळेला आग लागली." ते म्हणाले, "हां, डाळ चांगली शे." मी पुष्कळ हसले आणि मग ताटावर बसून रडले. रातपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपायचे, म्हणून मैत्रिणी आणायची सोय नव्हती, दिवसपाळीत एकट्या पोरीनं दार उघडायचं नाही असा हुकूम होता. शाळा सुटली की दाराला आतून कडी, आणि बाजूच्या खात्यातली खटाखट. आठवड्यातून एक दिवस तिथल्या पॉवरला सुट्टी असायची, तेव्हा ती खटाखटही बंद पडायची. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

परवा माझ्या सुनेनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुणी डॉक्टरीणबाई सांगत होत्या की साठीनंतर माणसाला हाताचा आधार न घेता जमिनीवर बसता-उठता आलं पाहिजे, म्हातारपण त्यावरच ठरतं. सून लिहिते, आई, हे ट्राय करा. मी तिला उत्तर लिहिलं की बाई, हे ट्राय मी पन्नास वर्षं करतेय. तिच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे, ती रोज मला आपला आकडा कळवते. गुणाची आहे, पण फोन खाली ठेवला की आमच्या दोघींच्या घरी काय शांतता असेल ते आम्हालाच माहीत.

शोभाताईची सुपारी फुटली तेव्हा मी आणि आबा उधन्याहून पॅसेंजरनं गावी गेलो. मारुतीच्या पारासमोर मांडव, सतरंजीवर दोन्हीकडचे पुरुष बसलेले. आबा टोपी घालून, कडक धोतर नेसून मधोमध बसले. मी मागून बघत होते, बसताना त्यांनी नानाकाकांच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या खांद्यावर सगळा भार टाकला. बसले एकदाचे. टिळे झाले, सुपारी फुटली, गूळ वाटला आणि सगळे उठले. आबा उठेनात. एक हात टेकला, दोन्ही हात टेकले, गुडघ्यावर आले आणि तिथेच अडकले. होणाऱ्या व्याह्यांनी काखेत हात घातला, दुसऱ्या बाजूनं आणखी कोणी धरलं, ओढाताणीत टोपी सतरंजीवर पडली. कोणीतरी म्हणालं, "काय हो, आमनी सतरंजी सोडाले तयार नई का तुमी?" मंडळी हसली. वाईट बुद्धीनं नाही, लग्नघरात हसतात तसंच हसली. मला मात्र जमीन दुभंगावी असं झालं.

मग नानाकाका म्हणाले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण ते मला पुन्हा बोलावं लागलं. ते मायला सांगत होते, "वहिनी, लगनमा पाटवर दोन-दोन तास बठनं पडस. दादाले ते जमाव नई. त्याले खुर्ची देसूत. कन्यादान मी आन सुमन करसूत." सुमन म्हणजे काकू. काका मनापासून बोलत होते, त्यांना भावाची अब्रू झाकायची होती. आबांना यातलं अक्षर ऐकू आलं नाही. त्यांनी नुसते सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि नेहमीसारखं माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हनस तो?" माय पदराशी चाळा करत होती. मी आबांच्या समोर गेले, तोंड वर केलं आणि एकेक शब्द सावकाश म्हटला. त्यांच्या पोरीचं कन्यादान दुसरं कोणी करणार, कारण त्यांना खाली बसता येत नाही, हे त्यांनी माझ्या ओठांवरून वाचलं. ते वाचताना त्यांच्या तोंडाकडे मी बघत होते. नंतर आयुष्यात बरेच वाईट निरोप सांगायची वेळ आली, पण तसा नाही.

परतीच्या गाडीत नंदुरबारपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "मीच बठसू." एवढंच. लग्नाला चार महिने होते.

आमच्या चाळीच्या शेवटच्या खोलीत सोनवणेबाबा राहायचे, एकटेच. रेल्वेतून रिटायर झालेले, भुसावळकडचे. पोरं आपापल्या ठिकाणी, बायको गेलेली. रोज पहाटे त्यांची बुद्धवंदना ऐकू यायची आणि मग ते उकिडवे बसून अख्ख्या चाळीपुढचा ओटा झाडायचे. सत्तरी उलटलेला माणूस, झाडत झाडत टोकापर्यंत जायचा आणि हात न टेकता उभा राहायचा, जसं काही खाली गेलाच नव्हता. मी दारातून बघत राहायचे. आमच्या घरचं कोणी त्यांच्याकडे पाणी पीत नसे. हे लिहिताना लाज वाटते, पण होतं ते असंच होतं. मी आबांना न विचारता त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, खाट, बादली, चपला, सतरंजी, टोपी. बाबांनी खराटा बाजूला ठेवला.

"म्हणजे बापाला तू खालचं काही करूच देत नाही, आं? मग तर त्याचा पाय तूच घेतला पोरी."

मला राग आला. मी म्हटलं, "ते बारा तास उभे असतात. दमतात."

"दमतात ना. म्या कुठं नाही म्हटलं?" ते म्हणाले. "मी काय होतो माहीत आहे? चावीवाला. रुळाला ज्या चाव्या ठोकलेल्या असतात, त्या गाडीच्या दणक्यानं ढिल्या होतात. रोज सहा मैल चालायचं, ढिली दिसली की ठोकायची. गाड्या जातात म्हणून रूळ पक्का होत नाही, समजलं? गाडीनं तो झिजतो. त्याला रोज बघणारा वेगळा लागतो. तुझ्या बापावरून वीस वर्षं गाडी जाऊन राहिली, आणि चावी कोणी ठोकली नाही. आण त्याला इकडं."

आबा यायला तयार नव्हते. एक म्हणजे ती जातीची आडकाठी, आणि दुसरं, व्यायाम हा शब्दच त्यांना चेष्टेचा वाटायचा. खात्यात राबणारा माणूस व्यायाम करतो असं कोणाला कळलं तर हसून हसून लोळतील लोक! ज्याला काम नाही त्यानं व्यायाम करावा, अशी आमच्या सगळ्या चाळीची समजूत. चार दिवस नुसते हूं-हूं करत राहिले. पाचव्या दिवशी मी नुसती त्यांची टोपी फळीवरून काढली आणि खाली जमिनीवर ठेवली. ते उचलायला वाकले आणि अर्ध्यावरच थांबले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. संध्याकाळी ते सोनवणेबाबांच्या दारात जाऊन उभे राहिले.

बाबांची रीत अगदी साधी होती. घरात सात गोधड्या होत्या, मायनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या. त्या घड्या करून एकावर एक रचायच्या, चांगला मांडीएवढा ढीग होतो. त्यावर बसायचं आणि हात न लावता उठायचं. दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. हे अंगवळणी पडलं, श्वास लागेनासा झाला, की एक गोधडी काढायची. घाई करायची नाही आणि नागाही करायचा नाही. पाळीवरून आल्यावर खाटेवर न पडता खाडीच्या पुलापर्यंत चालून यायचं, कारण उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. मग भिंतीला पाय वर लावून थोडा वेळ पडायचं. मला वेगळी ताकीद: चपला देणं बंद, हात धरणं बंद, बादली बंद. "त्याला कण्हू दे," बाबा म्हणाले, "कण्हल्यानं कोणी मरत नाही."

दार लावून आम्ही ते करायचो, चोरी केल्यासारखं. आबांना माझं मोजणं ऐकू येत नसे, म्हणून मी समोर उभी राहून बोटं वर करायचे. एक बोट, की आबा उठले. दोन बोटं, की पुन्हा. घाम निथळायचा, दात आवळलेले, डोळे माझ्या बोटावर. आठ बोटांवर आले की मला हसू यायचं, कारण ते डोळ्यांनी विनवायचे की दहा झाली म्हण ना! मी म्हणायचे नाही. आयुष्यात बापावर हुकूम चालवायची ती एवढीच संधी मिळाली, ती मी पुरेपूर वसूल केली. पहिली गोधडी निघायला तीन आठवडे लागले. मग दुसरी, तिसरी भराभर निघाल्या. खात्यातही ते धागा बघता बघता टाचा वर-खाली करू लागले, आणि बाकीचे कारीगर त्यांना नाचणारा घोडा म्हणू लागले. त्याचं त्यांना काही वाटेना, ऐकूच कुठे येत होतं!

दोन गोधड्या उरल्या आणि गाडी अडली. ढीग इतका खाली आला की गुडघे कमरेच्या वर जायचे आणि अंग पुढे झुकेना. एका सकाळी आबांनी माझ्या सहाव्या बोटाला जोर केला, तोल गेला आणि ते पिंपावर आदळले. कोपर सोलवटलं. त्यांनी गोधड्या लाथेनं भिंतीशी ढकलल्या आणि कामावर निघून गेले. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सोनवणेबाबा दारात येऊन गेले, आबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या संध्याकाळी ते खाटेवर जाऊन बसले, पाय खाली सोडले आणि ताटाची वाट बघू लागले. लग्नाला पाच आठवडे उरले होते.

मी दोन ताटं वाढली. दोन्ही खाली ठेवली, समोरासमोर. आणि माझ्या ताटापुढे बसून राहिले. हे काही मी ठरवून केलं नव्हतं. हात उचलून वर ताट द्यावं असं होईचना.

"वाढ ना," आबा म्हणाले. मी ऐकलं नाही. "काबर वाढत नई? ऐकू येत नई का तुले?" आता हे त्यांनी मला विचारावं! मी मान खाली घालून काहीतरी पुटपुटले. ते ओरडले, "काय?" मी पुन्हा ताटातच बोलले. मला रडू फुटलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं. भाकरी गार होत होती. शेजारचं खातं खटाखट चालू होतं. मग खाट करकरली. आबा खाटेचा पाय न धरता, भिंतीला पाठ घासत घासत खाली सरकले आणि माझ्यासमोर फरशीवर बसले. गोधडीशिवाय. त्यांच्या तोंडावर वेदना दिसत होती, पण त्यांनी ती गिळली आणि माझ्या हनुवटीला हात लावला.

"तोंड वर कर," ते म्हणाले, "मंग सांग. काय व्हयनं?"

मी तोंड वर केलं. "एकलीच जेवस मी, आबा. तुम्ही वर, मी खाले. मी इतलं बोलस, तुमले दिसतच नई."

"रोज?"

"रोज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या जवळून, इतका वेळ त्यांनी मला सुरतेला आल्यापासून पाहिलंच नव्हतं. मग ताट पुढे ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "आते सांग. शायमा काय काय शिकाडतस?" आणि मी सांगायला लागले. भूगोलाच्या बाई, बाकावरची मंगल, पाटीवरची चित्रं, मैदानातलं कुत्रं, वर्षभराचं साठलेलं सगळं. त्या जेवणाला किती वेळ लागला देव जाणे, डाळीवर साय धरली. उठताना त्यांना मीच आठवण करून दिली. एक बोट वर केलं. उठले नाहीत. पुन्हा केलं. तिसऱ्या वेळी एक हात गुडघ्यावर ठेवून उठले. पण त्या दिवसापासून ताट वर गेलं नाही. उरलेल्या दोन गोधड्या पुढच्या महिनाभरात आपोआप निघाल्या, कारण दिवसातून दोनदा जेवायला खाली बसणारा माणूस दिवसातून दोनदा उठतोच.

लग्न गावीच झालं. नानाकाकांनी तरी मांडवात एक खुर्ची आणून ठेवली होती, पाटाच्या मागे, नजरेआड. आबा तिच्याकडे न बघता पाटावर जाऊन बसले, शेजारी माय. भटजींनी जे काय चालवलं ते चालवलं, होमाचा धूर, मंगलाष्टकं, बाहेर बँडवाल्यांचा धुमाकूळ. मी समोरच्या बायकांत दाटीवाटीनं उभी होते आणि माझं सगळं लक्ष आबांच्या गुडघ्यांवर. शोभाताईचा हात त्यांनी नवरदेवाच्या हातात दिला तेव्हा सगळे ताईकडे बघून रडत होते, मी गुडघ्यांकडे बघून रडत होते. मग उठायची वेळ आली. काका पुढे सरसावले, काखेत हात घालायला. आबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि गर्दीत मला शोधलं. मी लुगड्यांच्या दाटीतून हात बाहेर काढला आणि एक बोट वर केलं.

ते उठले. हात न टेकता, टोपी न पडता. कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण लग्नात बाप पाटावरून उठतो यात लक्षात येण्यासारखं काय असतं! काकांनी खुर्ची उचलून नेली. जेवणाच्या पंगतीत आबांनी सुरतेहून आणलेल्या सोनवणेबाबांचा हात धरला आणि आपल्या शेजारच्या पत्रावळीवर बसवलं. काहींनी माना वळवल्या, कुजबुज झाली. आबांना नसेल ऐकू आली. दोघं वरण-बट्टी चुरत बसले, आणि मी बायकांच्या पंगतीत, लांब. पोटभर आनंद झाला होता आणि तरी मी बट्टी तशीच पत्रावळीवर ठेवून उठले. आबांना आता माझ्या बोटाची गरज उरणार नव्हती, हे तेव्हाच कळलं असावं.

पुढे आजोबा गेले आणि माय सुरतेला आली. पहिल्याच दिवशी तिनं आबांचं ताट खाटेवर ठेवलं. "थकी-भागी येल माणूसले कोनी खाले बसाडस का व?" ती माझ्यावरच उखडली. आबांनी ताट उचललं, खाली आणलं आणि माझ्यासमोर बसले. शेवटपर्यंत ते असेच जेवले. खातं सुटलं, केस पिकले, कानांनी पार दगा दिला, माझं लग्न झालं. माझे मालक सुरतेजवळच्या सचिन गावातल्या रंगाच्या कारखान्यात होते. त्यांना मी किती सांगितलं, पण दमलेल्या माणसाचा व्यायाम त्यांनाही चेष्टेचाच वाटला, आणि शेवटची वर्षं त्यांची सोफ्यावरच गेली. मी माहेरी जायचे तेव्हा ऐंशीच्या घरातले आबा खाली बसून वाट बघायचे. ताट वाढलं की म्हणायचे, तोंड वर कर, मंग सांग. त्यांच्या मरणाच्या आदल्या दिवशीही ते हात न टेकता उठले होते. पायांनी त्यांना पुन्हा कधी दगा दिला नाही, हे मी अभिमानानं सांगते.

आता मी सुरतेतच, गोडादऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट नाही आणि मला नकोही आहे. पहाटे सहाला उठते, खाली उतरून चौकापर्यंत चालून येते, मग हॉलमध्ये उभी राहून दहा वेळा खाली बसते, दहा वेळा उठते. बोटं माझी मीच वर करते. मुलानं मागच्या दिवाळीला डायनिंग टेबल पाठवलं, चांगलं काचेचं, आई, खाली बसून त्रास करून घेऊ नकोस म्हणाला. जीव लावतो, म्हणून तर भीती वाटते. त्या टेबलावर मी पापड वाळत घालते. जेवायला मी खालीच बसते, एकच ताट, एक भाकरी, थोडी डाळ, वरून शेंगदाण्याचं तेल. बाहेर कुठल्या तरी खात्याची खटाखट चालू असते. समोर फरशी रिकामी असते. तरी मान ताटात घालून मला जेवता येत नाही. मी तोंड वर करूनच जेवते.